पेश्टिगोचा वणवा

८ ऑक्टोबर १८७१ ची रात्र शिकागोच्या आगीमुळे इतिहासाच्या लक्षात राहिली. त्याच रात्री विस्कॉन्सिनच्या अरण्यातील पेश्टिगो हे गाव भस्मसात झाले, हे थोड्यांनाच ठाऊक आहे. उन्हाळाभर पाऊस फारच थोडा झाला होता. लाकूडतोडीचा वाळका पाला, रेल्वेसाठी व शेतीसाठी पेटविलेली झुडपे आणि वर सोसाट्याचा वारा! बाराशेहून अधिक माणसे दगावली.

तेथील धर्मगुरू फादर पीटर पेर्निन पवित्र साक्रामेंताची पेटी गाडीत घालून नदीकडे धावले. काठावर खिळून उभ्या राहिलेल्यांना त्यांनी पाण्यात लोटले व स्वतः साडेपाच तास पाण्यात काढले. पुढे ती पेटी एका ओंडक्यावर अभंग सापडली.

रॉबिन्सनव्हिलला बेल्जियन शेतकरी, अडेल ब्रीस यांच्यासह, पवित्र मरियेची मूर्ती घेऊन प्रार्थनामंदिराभोवती गुडघ्यांवर फिरले. पहाटे पाऊस आला, मंदिर वाचले. अडेलला १८५९ साली झालेले मरियादर्शन बिशप रिकन यांनी २०१० साली विश्वासार्ह ठरविले.

पेश्टिगोत मात्र ओळख न पटलेले सुमारे साडेतीनशे जण एकाच खड्ड्यात पुरले गेले. त्यांचा विश्वास उणा होता, असे आम्हांस म्हणवत नाही. पेर्निन यांनीही तसे म्हटले नाही. १८७४ साली त्यांनी आपली हकिकत छापली, ती नव्या चर्चसाठी पैसे उभे करण्याकरिता.