अगणित आणि अतिरिक्त

इंग्रजीतील ‘मिरियड’ आणि ‘प्लेथोरा’ हे शब्द आज ‘पुष्कळ’ या एकाच अर्थाने सर्रास वापरले जातात. परंतु दोन्ही मूळचे ग्रीक असले तरी पहिला गणिताच्या आणि दुसरा वैद्यकाच्या परंपरेत घडला, आणि म्हणूनच त्यांची सरमिसळ करणे म्हणजे दोन स्वतंत्र इतिहास पुसून टाकणे होय.

ग्रीकांची ‘मिरियाद’ म्हणजे १०,०००, आपल्या प्राचीन गणनेतील ‘अयुत’. स्वतंत्र नाव असलेली त्यांची ही सर्वांत मोठी संख्या होती. वाळूचे कण मोजताच येत नाहीत, हा समज खोडून काढण्यासाठी सिराक्यूसच्या आर्किमिडीजने इ.स.पू. तिसऱ्या शतकात राजा गेलोनला उद्देशून एक छोटा ग्रंथ लिहिला. खसखशीच्या एका दाण्याएवढ्या जागेत वाळूचे फार तर १०,००० कण मावतील आणि दाण्याचा व्यास बोटाच्या रुंदीच्या चाळिसाव्या भागाहून कमी नसेल, असे धरून तो पायरीपायरीने ताऱ्यांच्या गोलापर्यंत गेला. वाटेत १०,००० ला १०,००० ने गुणून येणारे दहा कोटी हे त्याने नवे एकक मानले आणि सारे विश्व भरण्यास लागणारे कण एकावर ६३ शून्ये या संख्येच्या आतच बसतात, असे दाखवून दिले. मानवी बुद्धीच्या धाडसाचे इतके निखळ उदाहरण विरळाच.

‘प्लेथोरा’ हे मात्र विकाराचे नाव होते आणि इंग्रजीतही ते सोळाव्या शतकात वैद्यकीय संज्ञा म्हणूनच आले. शरीरात रक्त प्रमाणाबाहेर साचणे हा त्याचा अर्थ. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील एरासिस्ट्रॅटस त्यावर लंघन सुचवी, तर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गॅलेन शीर कापून रक्त काढण्याचा, प्रसंगी रोग्याला मूर्च्छा येईपर्यंत काढण्याचा, कैवारी होता. रक्तवाहिन्यांना न पेलणारा साठा वेगळा आणि रोग्याच्या शक्तीला न पेलणारा वेगळा, असा भेदही त्याने केला. म्हणजे येथे प्रश्न संख्येचा नसून सोसण्याचा होता. गॅलेनच्या अधिकारामुळे ही प्रथा युरोपात शतकानुशतके टिकली. अखेर पॅरिसच्या पिएर लुई या वैद्याने न्युमोनियाच्या ७७ रोग्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि १८३५ मध्ये ग्रंथरूपाने मांडल्या, तेव्हा पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेल्या ४१ जणांपैकी १८, तर उशिरा काढलेल्या ३६ जणांपैकी ९ दगावल्याचे दिसले. पुढे ही चिकित्सा मागे पडली. वैद्यकात ‘प्लेथोरा’ हा शब्द आजही उरला आहे, तो मुख्यतः रक्ताधिक्याने चेहऱ्यावर येणाऱ्या लालीसाठी.