लेथ, लाकडी कातकामाचा : घरगुती वापरातील सुरक्षितता

लाकडाचा ठोकळा आडव्या अक्षाभोवती फिरवून, टेकूवर धरलेल्या पटाशीने त्यास गोल घाट देणारे यंत्र. लाटणी, रव्या, भोवरे व पाळण्याचे खांब ही याची परिचित कामे होत.

परंपरा : सावंतवाडीच्या चितारी कारागिरांच्या लाखकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली असता घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून रंग चढतो. दोरीने वा कमानीने फिरविल्या जाणाऱ्या जुन्या यंत्रावर हत्यार रुतले, की ओढणाऱ्याचा हात अडे व काम आपोआप थांबे. विद्युत मोटर मात्र अशा अडथळ्याला न जुमानता हत्यार हिसकावते किंवा लाकूड भिरकावते, आणि सुरक्षिततेचे बहुतेक नियम या एका भेदातून उद्भवले आहेत.

कायदा : १९४८ च्या कारखाने अधिनियमात फिरत्या भागांना आडोसा करण्याची (कलम २१) आणि चालत्या यंत्राची तपासणी वा वंगण अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या प्रशिक्षित कामगाराकडूनच करविण्याची (कलम २२) तरतूद होती. घरी एकट्याने काम करणारा हौशी कारागीर त्या कक्षेबाहेर राहिल्याने ही खबरदारी त्याने स्वतःच अंमलात आणावयाची असते.

जागा व वीज : सदनिकेच्या सज्जात लेथ बसवावयाचा झाल्यास तो जड बाकाला बोल्टांनी जखडावा. कंप व आवाज यांमुळे शेजाऱ्यांच्या तक्रारी संभवतात. वीज गेल्यानंतर चालू बटण तसेच राहिल्यास ती परतताच यंत्र अकस्मात फिरू लागते. म्हणून पुन्हा दाबल्यावाचून सुरू न होणारा स्टार्टर, अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच यांची तजवीज करावी. जुन्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा लुकलुकत असल्याने मिनिटाला १,५०० फेरे घेणारा चौकोनी ठोकळा स्थिर भासू शकतो.

वेग : २५ सेंमी. व्यासाच्या वाडग्याची कड मिनिटाला ३,००० फेऱ्यांना ताशी सुमारे १४० किमी. वेगाने धावते. व्यास इंचांत मोजून त्यास फेऱ्यांनी गुणल्यास उत्तर ६,००० ते ९,००० यांच्या दरम्यान यावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. ओबडधोबड ठोकळ्यास यापेक्षाही कमी वेग इष्ट.

काम : टेकू लाकडापासून ३ ते ६ मिमी. अंतरावर बसवून ठोकळा प्रथम हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावा, चकची (लाकूड पकडणाऱ्या जबड्याची) किल्ली काढून ठेवावी, लाकूड उडू शकेल त्या रेषेतून बाजूला उभे राहून मगच बटण दाबावे. हत्यार आधी टेकूवर, नंतर लाकडावर टेकवावे. टेकू सरकविताना यंत्र थांबविलेले असावे. पॉलिश कागद मारण्यापूर्वी टेकू काढावा. पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल आवश्यक. ओढणी, सैल बाह्या, अंगठ्या व मोकळे केस वर्ज्य. हातमोज्यांबाबत मतभेद आढळतात. तथापि विणलेला मोजा धाग्यासकट बोट ओढून नेतो.

धूळ : लाकडाच्या धुळीची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये निश्चित कर्करोगकारकांत गणना केली. सागवान व शिसव यांची धूळ काहींच्या त्वचेस बाधते.

प्रथमोपचार : पेटी हाताशी असावी.