दिसणारे अक्षर आणि वाचले जाणारे अक्षर

गुंजवणे हे गाव वेल्हे भागात राजगडाच्या पायथ्याशी वसले आहे. एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाने आपल्या संकेतस्थळावर या गावाविषयी एक पृष्ठ सिद्ध करावयाचे ठरविले, तर त्यात सामान्यतः तीन घटक येतील : मराठी मजकूर, गडाचे छायाचित्र आणि एखाद्या मोडी कागदाची प्रतिमा. डोळस वाचकास हे तिन्ही घटक सारखेच उपलब्ध वाटतात. अंध विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र यांपैकी एकही घटक आपोआप उपलब्ध होत नाही. याचे कारण संपादकास कळावयाचे, तर देवनागरी अक्षराचा अलीकडील इतिहास ध्यानात घेतला पाहिजे.

अंध वाचक संगणकावर स्क्रीन रीडर नावाच्या आज्ञावलीच्या साहाय्याने वाचतो. ही आज्ञावली अक्षराची आकृती पाहत नाही. आकृतीमागे नोंदलेला संकेत घेऊन ती त्याचा उच्चार करते. ब्रेललेखनाचे तत्त्वही याहून दूरचे नाही. १९५१ मध्ये निश्चित झालेल्या भारती ब्रेलमध्ये ‘क’ या वर्णास, लिपी मराठीची असो वा बंगालीची, एकच बिंदुरचना मिळाली. आकृतीपेक्षा वर्णाची ओळख प्रधान मानण्याचे हेच तत्त्व १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात दिसते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात प्रत्येक लिपीला स्वतंत्र स्थान मिळाले. तथापि उच्चारानुसारी क्रम कायम राहिला. ‘किल्ला’ या शब्दात ऱ्हस्व इकाराची वेलांटी डोळ्यांस आधी दिसते. संकेतांत मात्र ‘क’ आधी येतो.

व्यवहारात या तत्त्वाचा अवलंब सावकाश झाला. मुद्रणाच्या सोयीसाठी तयार झालेल्या अनेक टंकांत देवनागरी आकृती रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या होत्या. अशा टंकातील ‘राजगड’ कागदावर निर्दोष उमटतो. परंतु स्क्रीन रीडर त्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उच्चारतो. शोधयंत्रालाही तो शब्द सापडत नाही. सूचनापत्राची केवळ प्रतिमा जोडली, तर तेवढेही हाती लागत नाही. प्रवेशाची अंतिम तारीख अशा प्रतिमेत असेल, तर ती सर्वांस दिसूनही एका विद्यार्थ्यास कधीच कळत नाही.

या विषयाचे नियमन क्रमाने होत गेले. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये व दुसरी आवृत्ती २००८ मध्ये प्रसिद्ध केली. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शिका आली, आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमाने माहितीची सुगम्यता हा कायद्याचा विषय केला.

संपादकाने प्रारंभी शिकावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. मजकूर युनिकोडमध्ये असावा. पृष्ठाची भाषा मराठी असल्याची नोंद संकेतात करावी, म्हणजे यंत्र योग्य वाणी निवडते. शीर्षके केवळ ठळक न करता शीर्षके म्हणूनच नोंदवावीत, म्हणजे वाचकास एका प्रकरणावरून दुसऱ्यावर जाता येते. छायाचित्रास पर्यायी मजकूर द्यावा. ‘गडाचे चित्र’ एवढे पुरेसे नाही. गुंजवण्याहून गड पाहताना बालेकिल्ला कोठे व कोणती माची कोणत्या बाजूस दिसते, हे त्यात यावे. मोडी कागदाच्या प्रतिमेसोबत त्याचे देवनागरी लिप्यंतर द्यावे.

यातील शेवटचे काम इतिहासाच्या अभ्यासकास नवे नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली, तेव्हा मोडी न जाणणाऱ्या वाचकासही दप्तरातील कागद खुले झाले. साधन जपून ठेवणे आणि ते वाचता येईल असे करणे ही दोन निराळी कर्तव्ये आहेत, हे त्या कार्यावरून स्पष्ट होते. संकेतस्थळाच्या संपादकाकडे आज यांपैकी दुसरे कर्तव्य आले आहे. ते न पाळल्यास गुंजवण्याचे ते पृष्ठ जपले जाईल. परंतु सर्वांस वाचता येणार नाही.