यंग, लॅरी जे.

यंग, लॅरी जे. : (१९६७–२०२४). अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ. मेंदूत रिसेप्टर कुठे आणि किती आहेत यावर प्राण्याचे जोडीदाराशी वागणे कसे अवलंबून असते, याचा त्यांनी अभ्यास केला. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचे ग्राही प्रथिन. संप्रेरक त्याला येऊन चिकटते तेव्हाच त्याचा निरोप पेशीला कळतो.

जन्म जॉर्जिया राज्यातील सिल्व्हेस्टर या गावी. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात डेव्हिड क्रूझ यांच्या हाताखाली सरड्यांवर काम करून त्यांनी १९९४ मध्ये पीएच.डी. मिळवली. नंतर ते अटलांटा येथील एमरी विद्यापीठात टॉमस इन्सेल यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. पुढची सारी कारकीर्द एमरीतच गेली.

त्यांचा प्रयोगप्राणी प्रेअरी व्होल, हा आखूड शेपटीचा, उंदरासारखा, मुठीत मावेल एवढा जीव. इलिनॉयच्या गवताळ रानात लोवेल गेट्झ हे पिंजरे लावून व्होलांची गणती करत असत. तेव्हा तीच नर-मादी पुन्हा पुन्हा एकाच पिंजऱ्यात सापडू लागली. सस्तन प्राण्यांत जोडी धरून राहणाऱ्या जाती शेकडा पाचच्या आसपास, म्हणून ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी होती. पुढे सू कार्टर यांनी प्रयोगशाळेत या जोड्यांचा संबंध ऑक्सिटोसिनशी जोडला. बाळंतपणात कळा वाढवण्यासाठी सलाइनमधून देतात, तेच हे ऑक्सिटोसिन. नरांच्या बाबतीत त्याचा सख्खा भाऊ शोभावा असे व्हॅसोप्रेसिन अधिक महत्त्वाचे ठरले.

गंमत अशी की, प्रेअरी व्होलचे जवळचे नातलग, मेडो व्होल आणि माँटेन व्होल, जोडी धरत नाहीत. पण ही दोन्ही संप्रेरके त्यांच्याही मेंदूत असतात. मग फरक कुठे? इन्सेल यांच्या प्रयोगशाळेने मेंदूचे पातळ काप किरणोत्सारी खुणेने रंगवून पाहिले, तेव्हा रिसेप्टरांचे नकाशेच वेगळे निघाले. प्रेअरी व्होलमध्ये ते सुख आणि बक्षिसाशी निगडित भागांत दाट होते, इतरांत तिथे विरळ. निरोप तोच, पण तो ऐकणारे कान निराळ्या खोल्यांत बसलेले.

हा नुसता योगायोग नाही, हे दाखवण्याचे काम यंग यांनी केले. १९९९ मध्ये त्यांच्या गटाने प्रेअरी व्होलचे व्हॅसोप्रेसिन-रिसेप्टरचे जनुक साध्या उंदरांत घातले. व्हॅसोप्रेसिन दिल्यावर हे नर मादीला अधिक हुंगू-चाटू लागले. मात्र ते एकपत्नी झाले नाहीत, हे बातम्या देणारे विसरतात. २००४ चा प्रयोग याहून धीट. मिरांडा लिम, यंग आणि सहकाऱ्यांनी निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवरून तेच जनुक मेडो व्होल नरांच्या मेंदूतील व्हेंट्रल पॅलिडम या ठिकाणी पोचवले. या नरांची मग नेहमीची परीक्षा घेतली. तीन कप्प्यांच्या पेटीत एका टोकाला ओळखीची मादी बांधलेली, दुसऱ्या टोकाला अनोळखी, नर मोकळा. तीन तासांत तो कोणाला किती वेळ खेटून बसतो, ते मोजायचे. जनुक मिळालेले नर ओळखीच्या मादीकडे वळले.

‘एकनिष्ठेचे जनुक’ सापडल्याचा गाजावाजा झाला, तो अवाजवी होता. मुळात व्होलची एकनिष्ठा सोबतीपुरती. पिल्ले कधी कधी दुसऱ्याच नराची निघतात. या जनुकाशेजारच्या ज्या डीएनए-तुकड्याला श्रेय दिले गेले, तो जोडी न धरणाऱ्या अनेक व्होल जातींतही असल्याचे २००६ मध्ये दिसले. २००८ मध्ये स्वीडनमधील पुरुषांत याच रिसेप्टरच्या जनुकाचा वैवाहिक नात्याशी संबंध आढळला, पण तो क्षीण होता. सर्वांत मोठा धक्का २०२३ चा : देवानंद मनोली, नीराव शहा आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर जन्मापासूनच नसलेले प्रेअरी व्होल तयार केले, तरी त्यांनी जोड्या जमवल्या. जन्मतःच एक वाट बंद असेल, तर वाढणारा मेंदू दुसरी काढत असावा, असा एक तर्क आहे. प्रौढ प्राण्यात औषधाने तीच वाट अडवल्यास जोडी जमत नाही, हे जुने निष्कर्ष त्यामुळे खोटे ठरत नाहीत.

स्वमग्नतेत सामाजिक संपर्क सुलभ करणारी औषधे शोधण्याकडेही यंग यांचा ओढा होता. द केमिस्ट्री बिट्वीन अस (२०१२) हे त्यांनी ब्रायन अलेक्झांडर यांच्यासह लिहिलेले पुस्तक. मार्च २०२४ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथे त्यांचे निधन झाले.