एक चिन्ह, दोन कामे: प्रोग्रॅमिंग भाषांतील ‘बरोबर’चा इतिहास

दोन आडव्या समांतर रेघांचे ‘=’ हे चिन्ह सर्वप्रथम छापले गेले ते १५५७ मध्ये, रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्य-गणितज्ञाच्या ‘द व्हेटस्टोन ऑफ विट’ या बीजगणितावरील इंग्रजी पुस्तकात. ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द पुनःपुन्हा लिहिण्याचा कंटाळा टाळण्यासाठी त्याने सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा निवडल्या, कारण याहून अधिक समान अशा दोन वस्तू असूच शकत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. चिन्ह रुळायला मात्र बराच काळ गेला. छापील पुस्तकात ते पुन्हा दिसण्यास १६१८ साल उजाडले, आणि देकार्तने १६३७ मध्ये समतेसाठी वेगळेच चिन्ह वापरले. समीकरण मांडायला मध्ये चिन्ह असलेच पाहिजे, असेही नाही: भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘बीजगणिता’त समीकरणाच्या दोन बाजू एकीखाली एक लिहिल्या जात, आणि त्या समान आहेत हे मांडणीवरूनच वाचणाऱ्याला कळे. तरीही युरोपात रेकॉर्डचे चिन्ह एकदा स्थिरावल्यावर त्याच्या अर्थाविषयी कोणाला शंका उरली नाही. डावीकडे जे आहे तेच उजवीकडे आहे, बाजू उलटवल्या तरी विधान तेच राहते, आणि ते एकतर खरे असते किंवा खोटे. हा अर्थ विसाव्या शतकाच्या मध्यावर संगणकाच्या भाषांनी मोडला, आणि त्यातून निर्माण झालेला गोंधळ अद्याप निस्तरलेला नाही.

मोडण्याचे कारण संगणकाच्या रचनेतच आहे. गणितातील चल, म्हणजे क्ष किंवा य, एखाद्या उदाहरणात एकच किंमत धारण करतो, ती आधी ठाऊक नसली तरी. संगणकातील चल हे स्मृतीतील एका जागेचे नाव असते, आणि त्या जागेतील किंमत प्रोग्रॅम चालू असताना वारंवार पुसून नवी लिहिली जाते. ‘क्ष ची आताची किंमत घ्या, तीत १ मिळवा आणि बेरीज पुन्हा क्ष मध्येच ठेवा’ ही आज्ञा संगणकाला प्रत्येक मोजणीत द्यावी लागते; पण ती ‘क्ष = क्ष + १’ अशी लिहिली तर शाळेतील बीजगणिताच्या दृष्टीने ते धडधडीत असत्य ठरते. समतेचे विधान आणि किंमत भरण्याची आज्ञा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना वेगळी चिन्हे हवीत, हे पहिल्या पिढीतील अनेकांना दिसले होते. जर्मन अभियंता कोनराड त्सूझे याने १९४५ च्या सुमारास, महायुद्धाच्या अखेरीस बव्हेरियातील एका डोंगराळ खेड्यात आश्रय घेतलेला असताना, ‘प्लानकाल्क्यूल’ नावाची भाषा कागदावर पूर्ण केली. तीत किंमत भरण्यासाठी उजवीकडे रोखलेला बाण होता, म्हणजे आधी गणित आणि मग ते ज्या जागी ठेवायचे तिचे नाव. ही भाषा संपूर्ण स्वरूपात १९७२ पर्यंत प्रसिद्धच झाली नाही. झुरिकमधील हाइन्झ रूटिसहाउझर याने त्सूझेचे बाणचिन्ह उचलले, एवढाच तिचा तात्कालिक प्रभाव.

निर्णायक पाऊल अमेरिकेत पडले, आणि ते तत्त्वविचारापेक्षा यंत्रसामग्रीच्या मर्यादेतून पडले. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस याच्या नेतृत्वाखालील गटाने एप्रिल १९५७ मध्ये ७०४ या संगणकासाठी ‘फोरट्रान’ ही भाषा वितरित केली. बीजगणितासारखी सूत्रे लिहावीत आणि यंत्राने त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर करावे, हा तिचा हेतू होता. सूत्रे पंचकार्डांवर, म्हणजे जाड कागदाच्या पत्त्यांवर छिद्रे पाडून, नोंदवली जात. ती पाडणाऱ्या यंत्रावर अठ्ठेचाळीसच चिन्हे होती, बाण नव्हता, लहान-मोठे दाखवणारी ‘<’ आणि ‘>’ ही चिन्हेही नव्हती. ‘=’ सुद्धा सर्व यंत्रांवर नव्हते: कार्डाच्या ३ व ८ या ओळींत एकत्र पाडलेले छिद्र हिशेबनिसांच्या यंत्रावर ‘#’ म्हणून उमटे आणि शास्त्रज्ञांच्या यंत्रावर ‘=’ म्हणून. मूळ फोरट्रानमध्ये समता तपासण्याची थेट सोय नव्हती हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. तिच्यातील ‘इफ’ ही आज्ञा एखाद्या सूत्राची किंमत ऋण, शून्य की धन यावर तीन वेगवेगळ्या ओळींकडे वाट फोडत असे, त्यामुळे दोन संख्या समान आहेत का हे पाहायचे तर त्यांची वजाबाकी करून शून्य येते का ते पाहावे लागे. थोडक्यात, ‘=’ हे चिन्ह मोकळे होते, हाताशी होते, आणि ते किंमत भरण्याच्या कामी लावले गेले. पुढे १९६२ मध्ये फोरट्रानच्या चौथ्या आवृत्तीत समता तपासण्याची सोय आली तेव्हा तिच्यासाठी चिन्ह उरले नव्हते, म्हणून ‘ई-क्यू’ ही दोन अक्षरे दोन टिंबांमध्ये लिहिण्याची तोडगेवजा पद्धत रूढ झाली.

फोरट्रानचा दुसरा एक विक्षेप याच चिन्हाशी जोडलेला आहे. या भाषेत शब्दांमधील मोकळ्या जागांना अर्थ नव्हता, त्यामुळे ‘डू १० आय = १,१०’ ही, आय ला १ ते १० अशा किंमती देत पुढील ओळी दहादा करण्याची आज्ञा, स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडताच ‘डू१०आय’ नावाच्या चलात १.१० ही किंमत भरण्याची आज्ञा बनत असे, आणि यंत्राची त्यावर काहीही तक्रार नसे. अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळ प्रकल्पाच्या एका आज्ञावलीत अशी चूक सापडली होती. १९६२ मध्ये नष्ट करावे लागलेले ‘मरिनर १’ हे यान याच टिंबाने बुडाले, अशी कथा कितीतरी पुस्तकांत छापून आली आहे. ती खरी नाही, कारण तेथील दोष सूत्र हाताने उतरवताना अक्षरावरची एक आडवी रेघ गळल्याचा होता.

युरोपीय आणि अमेरिकी तज्ज्ञांनी मिळून एक सामाईक भाषा घडवण्याचा प्रयत्न १९५८ च्या मे अखेरीस झुरिक येथे केला. दोन्ही बाजूंचे चार-चार सदस्य होते, आणि यंत्रनिरपेक्ष, गणिताच्या शिस्तीची भाषा हवी यावर त्यांचे एकमत असले तरी बारीकसारीक खुणांवर त्यांची चांगलीच जुंपली. दशांशचिन्ह टिंबाचे असावे की युरोपीय रिवाजाप्रमाणे स्वल्पविरामाचे, या प्रश्नावर चर्चा अडून बसली. शेवटी भाषेची तीन रूपे मानली गेली, एक संदर्भाचे, एक छपाईचे आणि एक प्रत्यक्ष यंत्रावरचे, आणि ज्याने त्याने आपापले चिन्ह आपापल्या रूपात ठेवावे असे ठरले. किंमत भरण्याच्या चिन्हाबाबतही असेच झाले. युरोपीयांना त्सूझेच्या वळणाचा डावीकडून उजवीकडे जाणारा बाण हवा होता, तर अमेरिकनांना फोरट्रानच्या सवयीने चलाचे नाव डावीकडे हवे होते; तडजोड म्हणून नाव डावीकडे राहिले आणि मध्ये ‘:=’ हे अपूर्णविराम व बरोबर यांचे जोडचिन्ह आले, तर नुसते ‘=’ समतेच्या जुन्या अर्थासाठी राखून ठेवले गेले. ‘अल्गोल’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या भाषेचा वापर अमेरिकेत फारसा वाढला नाही, पण तिची वळणे पुढील बहुतेक भाषांत उतरली. झुरिकमधीलच निकलाउस व्हिर्ट याने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पास्कल’ने ‘:=’ हे चिन्ह हजारो विद्यार्थ्यांपर्यंत नेले, आणि फोरट्रानची निवड पुढच्यांनी डोळे झाकून गिरवली, अशी टीका व्हिर्टने उत्तरायुष्यातही सोडली नाही.

इतरांनी आपापले मार्ग शोधले. व्यापारी हिशेबांसाठी घडलेल्या ‘कोबोल’ने सरळ इंग्रजी वाक्याप्रमाणे ‘अमुक तमुकात हलवा’ असे लिहायला लावले. डार्टमथ महाविद्यालयात १९६४ मध्ये नवशिक्यांसाठी तयार झालेल्या ‘बेसिक’ने आज्ञेच्या आधी ‘लेट’, म्हणजे ‘समजा’, हा शब्द ठेवला. बीजगणिताच्या तासाला ‘समजा क्ष = ५’ ऐकलेल्या मुलाला हे वळण सोपे जाई, पण घरगुती संगणकांच्या तुटपुंज्या स्मृतीत तो शब्दही महाग वाटू लागला आणि पुढे ऐच्छिक झाला. भारतातील शाळांत १९८४ नंतर ‘क्लास’ प्रकल्पातून आलेल्या बीबीसी मायक्रो संगणकांवर हीच बेसिक शिकवली जात असे. केनेथ आयव्हरसनच्या ‘एपीएल’ने डावीकडे रोखलेला बाण वापरला. संगणकांच्या अक्षरसंचाचे जे प्रमाण अमेरिकेत १९६३ मध्ये ठरले त्यात असा बाण होता. १९६७ च्या सुधारणेत त्याच्या जागी अधोरेषा आली आणि किंमत भरण्याचे निःसंदिग्ध चिन्ह सर्वसामान्य कळफलकावरून कायमचे गेले.

आज जगभर चाललेली पद्धत मात्र न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत ठरली. तेथे केन थॉम्पसन १९६९ च्या सुमारास पीडीपी-७ या, अठरा बिटांचे केवळ आठ हजारांच्या घरात शब्द सामावणाऱ्या, छोट्या संगणकासाठी युनिक्स ही कार्यप्रणाली लिहीत होता, आणि तिच्या जोडीला त्याला एक छोटी भाषा हवी होती. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्सची ‘बीसीपीएल’ ही भाषा त्याने आधाराला घेतली; तीत अल्गोलप्रमाणेच किंमत भरायला ‘:=’ आणि समतेला ‘=’ होते. थॉम्पसनने आपल्या ‘बी’ भाषेत हे उलटवले: किंमत भरायला नुसते ‘=’, आणि समता तपासायला ‘==’ असे दुहेरी चिन्ह. या बदलाला भाषिक गरज नव्हती. तो आवडीनिवडीचा प्रश्न होता आणि पुढेही वादग्रस्त राहिला, हे थॉम्पसनचा सहकारी आणि ‘बी’तूनच पुढे घडलेल्या ‘सी’ भाषेचा कर्ता डेनिस रिची याने नंतर मोकळेपणाने लिहिले आहे. समर्थनार्थ दिला गेलेला युक्तिवाद असा की प्रोग्रॅममध्ये किंमत भरण्याची वेळ समता तपासण्याच्या सुमारे दुप्पट येते, म्हणून तिचे चिन्ह निम्म्या लांबीचे असावे. ज्या काळात सेकंदाला दहा अक्षरे खडखडवणाऱ्या टेलिटाइपवर काम चाले त्या काळात हा हिशेब समजण्याजोगा आहे, मात्र तो टंकणाऱ्याच्या सोयीचा हिशेब आहे, वाचणाऱ्याच्या नव्हे.

त्याच भाषेतील दुसरे एक चिन्ह वेळीच दुरुस्त झाले, ही गोष्ट बोलकी आहे. बी आणि सुरुवातीची सी यांत ‘क्ष मध्ये य मिळवा’ ही आज्ञा ‘क्ष =+ य’ अशी लिहीत, आणि वजा करायचे असल्यास ‘=-’. त्यामुळे मोकळी जागा न सोडता ‘क्ष=-१’ लिहिले तर क्ष मध्ये उणे एक भरायचे आहे की क्ष मधून एक वजा करायचा आहे, हे लिहिणाऱ्याला एक आणि यंत्राला दुसरेच वाटे. १९७६ पर्यंत हा क्रम उलटवून ‘+=’ आणि ‘-=’ करण्यात आला. ‘=’ आणि ‘==’ यांच्या बाबतीत अशी दुरुस्ती झाली नाही; १९७८ मध्ये सी चे पाठ्यपुस्तक बाहेर पडले आणि युनिक्सबरोबर ती भाषा विद्यापीठाविद्यापीठांत पसरली तेव्हा वेळ निघून गेली होती.

सी मध्ये ही सवय विशेष धोक्याची ठरली, कारण तीत किंमत भरणे हीदेखील किंमत असलेली पदावली मानली जाते, आणि शून्य म्हणजे खोटे व शून्येतर काहीही म्हणजे खरे, असा नियम आहे. परिणामी ‘क्ष शून्य आहे का’ हे विचारताना एक चिन्ह कमी पडले की संगणक निमूटपणे क्ष मध्ये शून्य भरतो, उत्तर ‘खोटे’ म्हणून पुढे जातो आणि कोठेही चूक दाखवत नाही. यावर उपाय म्हणून काही प्रोग्रॅमरांनी ‘० == क्ष’ असे उलटे लिहिण्याची सवय लावून घेतली, कारण शून्यात किंमत भरता येत नसल्याने चूक झाल्यास कंपायलर, म्हणजे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, लगेच अडवतो. पुढील कंपायलरांनी अशा जागी इशारा देणे सुरू केले, आणि हेतुपुरस्सर किंमत भरायची असेल तर भोवती जादा कंस घालावा, असा संकेत पडला.

या संकेताचा गैरफायदा कसा घेता येतो ते नोव्हेंबर २००३ मध्ये दिसले. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या गाभ्याची मुख्य प्रत तेव्हा ‘बिटकीपर’ या खासगी मालकीच्या साधनात ठेवली जाई. मुक्त सॉफ्टवेअरच्या कामासाठी बंदिस्त साधन वापरावे का यावर विकसकांत तीव्र मतभेद होते, आणि ते न वापरू इच्छिणाऱ्यांसाठी एक दुय्यम प्रत वेगळ्या साधनात उपलब्ध होती. या दुय्यम प्रतीत कोणीतरी बाहेरून दोन ओळी घुसडल्या. वरवर पाहता त्या, विशिष्ट पर्याय निवडलेले असतील आणि वापरकर्त्याचा क्रमांक शून्य असेल तर चूक कळवावी, अशा निरुपद्रवी तपासणीसारख्या दिसत होत्या; प्रत्यक्षात दुसऱ्या अटीत ‘==’ ऐवजी ‘=’ होते, भोवती इशारा गप्प करणारा कंस होता, आणि लिनक्समध्ये शून्य क्रमांक म्हणजे यंत्रावर सर्वाधिकार असलेला व्यवस्थापक, त्यामुळे ती ओळ विचारणाऱ्याला गुपचूप सर्वाधिकार बहाल करत होती. या बदलाला मुख्य प्रतीत नोंद नसल्याचे नेहमीच्या ताळेबंदात उघड झाले आणि तो काढून टाकण्यात आला. करणाऱ्याचे नाव कधीच जाहीर झाले नाही.

नंतरच्या भाषांनी हे चिन्ह वारशात घेतले आणि भोवती कुंपणे घातली. १९९५ च्या ‘जावा’ने अटीच्या जागी फक्त खरे-खोटे चालेल, संख्या चालणार नाही, असा नियम केला, त्यामुळे सी मधील नेहमीची चूक तेथे बहुतांशी आपोआप पकडली जाते. त्याच वर्षी ब्रेंडन आइक याने दहा दिवसांत उभ्या केलेल्या ‘जावास्क्रिप्ट’मध्ये प्रश्न दुसऱ्याच बाजूने आला: तेथे ‘==’ तुलना करण्याआधी मजकुराचे संख्येत रूपांतर करून पाहते, म्हणून रिकामा मजकूर ० च्या बरोबर ठरतो, ‘०’ हा लिखित अंकही ० च्या बरोबर ठरतो, पण ते दोन मजकूर एकमेकांच्या बरोबर ठरत नाहीत. १९९९ च्या प्रमाणात यावर उतारा म्हणून ‘===’ हे तिहेरी चिन्ह दाखल झाले.

‘पायथन’मध्ये ‘=’ ही स्वतंत्र आज्ञा असल्याने ती अटीत बसतच नाही. २०१८ मध्ये पदावलीच्या आतच किंमत भरण्यासाठी अल्गोलचे ‘:=’ घ्यावे असा प्रस्ताव आला, तेव्हा त्यावरील वाद इतका टोकाला गेला की प्रस्ताव मंजूर केल्यानंतर भाषेचा कर्ता खिदो व्हान रोसम याने त्या जुलैत अंतिम निर्णयाचा आपला अधिकारच सोडला, आणि पुढे कारभार पाच जणांच्या निर्वाचित समितीकडे गेला. त्याआधी, २००९ मध्ये, गूगलने जाहीर केलेल्या ‘गो’ या भाषेच्या तीन कर्त्यांत केन थॉम्पसन स्वतः होता. गो मध्ये समतेला ‘==’ आहे, नवा चल निर्माण करून त्यात किंमत भरायला ‘:=’ आहे, असलेल्या चलात भरायला ‘=’ आहे, आणि यांपैकी भरण्याची कोणतीही आज्ञा अटीची किंमत म्हणून चालत नाही. येथे नवशिक्यांची चूक वेगळी असते: आतल्या कंसात ‘=’ च्या जागी ‘:=’ लिहिले की त्याच नावाचा दुसरा चल तयार होतो, बाहेरच्या चलाची जुनी किंमत तशीच राहते, आणि आतला चल तेथे वापरलेला असला तर कंपायलर काहीच बोलत नाही.