वेड्यांची इस्पितळे आणि तेथील भुते

विषयाचे नाव वाचून काहींना वाटले असेल की कामगार संघटनेच्या माणसाने हा भुताखेतांचा नाद कुठून लावून घेतला! पण त्याला कारण घडले. विलायतेत आणि अमेरिकेत तरुण मंडळींना एक छंद जडला आहे. ओस पडलेल्या वेड्यांच्या इस्पितळांत रात्री-अपरात्री शिरायचे, कॅमेरा घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडायचे आणि तेथे ‘काही जाणवते का’ ते पाहायचे. ती चित्रे आपल्या भडगावातली पोरेही फोनवर पाहतात. त्यांतल्याच एकाने मला विचारले, ‘आप्पा, खरंच असतं का हो तिथं काही?’ त्याला चार वाक्यांत उत्तर देता आले असते. पण शोधू लागलो, वाचू लागलो, तेव्हा दिसले की प्रश्न पोरकट असला तरी उत्तर पोरकट नाही.

प्रथम, ही इस्पितळे ओस का पडली ते पाहू. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत वेड्यांसाठी गावाबाहेर प्रचंड इमारती उठल्या. १९५५ साली एकट्या अमेरिकेतील सरकारी इस्पितळांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. त्याच सुमारास मनाच्या आजारावर नवी औषधे निघाली. १९६१ साली इंग्लंडचे आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी ही जुनी इस्पितळे मोडीत काढण्याची भाषा केली. इटलीत फ्रांको बझालिया या डॉक्टराच्या चळवळीमुळे १९७८ साली कायदाच झाला आणि नवा रोगी तेथे पाठवणे बंद झाले. इमारती उरल्या, माणसे गेली. काही घरी गेली, काही लहान वसतिगृहांत गेली, आणि अमेरिकेत तर पुष्कळशी रस्त्यावर आणि तुरुंगात गेली. हा शेवटचा भाग कॅमेरेवाले सहसा सांगत नाहीत.

या ओस इमारतींत खरोखर काय सापडले, ते ऐकण्यासारखे आहे. न्यूयॉर्क राज्यातील विलर्ड येथील इस्पितळ १९९५ साली बंद झाले, तेव्हा माळ्यावर चारशेच्या वर पेट्या निघाल्या. भरती होताना रोग्यांनी बरोबर आणलेल्या. कुणाचे कपडे, कुणाचे फोटो, कुणाची पत्रे. ‘बरा झालास की घेऊन जा’ म्हणून ठेवलेल्या त्या पेट्या न्यायला कुणी आले नाही. जवळच्या दफनभूमीत पाच हजारांच्या वर थडगी होती, त्यांवर नावे नव्हती, आकडे होते. शेकडो खड्डे एका रोग्यानेच वर्षानुवर्षे खणले होते आणि पुढे तोही तेथेच पुरला गेला. इटलीत व्होल्तेरा येथे नानेत्ती नावाचा रोगी होता. त्याने आपल्या बंडीच्या बकलाने अंगणाच्या भिंतीवर अक्षरे कोरली, आणि ती वर्षानुवर्षे कोरत राहिला. जवळजवळ १८० मीटर भिंत त्याने भरून काढली. कागद नव्हता, ऐकणारा नव्हता, भिंत होती.

आता जाणवण्याविषयी. ओसाड जागेत अंगावर काटा येतो, हे खोटे नाही. पण त्याची कारणे पुष्कळदा त्या जागेतच असतात. इंग्लंडमध्ये व्हिक टँडी नावाचा एक अभियंता प्रयोगशाळेत रात्री काम करीत असता त्याला घाम फुटला, उदास वाटू लागले आणि डोळ्याच्या कोपऱ्यात एक करडी आकृती दिसली. वळून पाहतो तो काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचे पाते शेगड्यात धरले, तर ते आपोआप थरथरू लागले. शोध करता करता गाडी नव्या पंख्यावर येऊन थांबली. पंख्याचा सूर सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, म्हणजे कानाला ऐकू न येणारा. पंखा बंद केला, भूत गेले. हे त्याने १९९८ साली प्रसिद्ध केले. सगळ्या भुतांचा उलगडा एका पंख्याने होत नाही, हेही खरे. त्याहून जुनी हकिकत १९२१ सालची. अमेरिकेतील एका डॉक्टराने अशा कुटुंबाची नोंद केली आहे की ज्यांना जुन्या घरात पावले ऐकू येत, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटे, मुले फिकट पडत चालली होती. तपासाअंती दिसले की तळघरातील भट्टी नादुरुस्त होती आणि तिचा विषारी वायू घरभर पसरत होता.

आपल्या खानदेशाला यासाठी विलायत नको. आपल्याकडे किती जुनी जीनं बंद पडली आहेत! पत्रे उचकटलेले, आत वटवाघळे, खिडकीत पिंगळा. वारा सुटला की सगळा सांगाडा कण्हतो. गावात बोलतात की रात्री आत मशीन चालल्याचा आवाज येतो. मी अशा जीनांत रात्री बसलो आहे. आवाज येतो खरा, पण तो बहुधा लोखंड काढून नेणाऱ्याचा असतो. भुताच्या बोलवेचा सर्वांत मोठा फायदा भंगारवाल्याला. मुंबईत कुलाब्याच्या किनाऱ्यावरची मुकेश मिल १९८२ च्या आगीनंतर बंद पडली आणि पुढे ‘भुताची गिरणी’ म्हणून नावाजली. तेथे चित्रपटांची चित्रीकरणे झाली. ज्यांची रोजी तेथे बुडाली त्या कामगारांची नावे विचारा. सांगणारा भेटणार नाही. मात्र भुताची गोष्ट टॅक्सीवालाही सांगतो.

कुलाब्याचे नाव निघाले, म्हणून आपल्या इस्पितळांकडे वळतो. कुलाब्याला १८२६ साली वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. नागपूरला १८६४ साली झाले. रत्नागिरीचे १८८६ चे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला कैद करून रत्नागिरीस आणले तेच वर्ष. कुलाब्याची गर्दी हलवण्यासाठी ठाण्याला नौपाड्यात १९०१ साली नवे इस्पितळ झाले. त्यास नरोत्तमदास माधवदास यांचे नाव दिले गेले. पुण्याचे इस्पितळ पुढे येरवड्यास गेले. म्हणूनच आपल्या बोलण्यात ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘याची जागा येरवड्यात’ हे वाक्प्रचार रुळले. एका इस्पितळाचे नाव शिवीसारखे वापरले जाते, याचे आपल्याला काही वाटत नाही.

या इस्पितळांत माणूस जाई कसा? १८५८ च्या कायद्याने पोलिसांना अधिकार दिला की भटकणारा वेडा दिसला तर पकडून मॅजिस्ट्रेटसमोर उभा करावा. डॉक्टरचा दाखला आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला की रवानगी.  आत गेल्यावर अंगात ताकद असेल तर बागकाम, विणकाम. वार्षिक अहवालात या श्रमांचाही हिशेब मांडला जाई. इतिहासात देणगीदाराचे नाव आहे, सुपरिंटेंडेंटचे आहे. वॉर्डरचे नाही, भंग्याचे नाही, आणि रोग्याचे तर नाहीच. कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाच्या डोळ्याला हे पहिल्यांदा टोचते.

पण रोग्याविषयी काहीच लिहिले जात नव्हते असे नाही. एक रकाना होता, ‘वेडाचे कारण’. त्या रकान्याची हकिकत मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो.

१८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला की हिंदुस्थानात गांजामुळे माणसे वेडी होतात, सरकार काय करते? गांजाचे पीक तेव्हा नगर जिल्ह्यात, आणि थोडेबहुत आपल्या खानदेशातही निघत असे. सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. गांजाने वेड लागते याला पुरावा काय, तर इस्पितळांच्या नोंदवह्या. वर्षानुवर्षे त्या रकान्यात ‘गांजा’, ‘गांजा’ असे लिहिलेले. आयोगाने एक शहाणपणाचे काम केले. नोंद खरी धरून न चालता ती कुणी लिहिली, कशावरून लिहिली, ते तपासले. १८९२ साली देशभरच्या इस्पितळांत भरती झालेल्या माणसांची प्रकरणे त्याने एकेक करून पाहिली, गावोगाव चौकशी करवली, नातेवाइकांना विचारले. तेव्हा उघड झाले की तो रकाना बहुधा पोलिसाने भरलेला असे. रस्त्यावर सापडलेल्या परक्या माणसाचे कारण शिपायाला काय ठाऊक? पण रकाना रिकामा ठेवला तर वरून विचारणा येणार. मग गांजा. तोच शब्द मॅजिस्ट्रेटच्या कागदावर, तेथून इस्पितळाच्या वहीत, वहीतून वार्षिक अहवालात, आणि अहवालातून पार्लमेंटात! १३४४ पैकी २२२ नोंदी गांजा-भांग-चरसाच्या नावावर होत्या. तपासाअंती फार तर ९८ टिकल्या, आणि त्यांतही काहींत दुसरी कारणे मिसळलेली होती.

ज्या हवालदाराने मुकाट्याने ‘गांजा’ लिहिले त्याला मी फारसा दोष देत नाही. त्याचीही नोकरी होती. पण पाहा, खरे कारण काय असेल? दुष्काळात मेलेली लेकरे असतील, कर्जात गेलेली जमीन असेल, बाळंतपणातला ताप असेल, किंवा कुणालाही न कळणारा आजार असेल. ते कुणी विचारले नाही. आपल्याकडे घरी राहिलेल्या वेड्याचे कारणही असेच ठरलेले असे, फक्त शब्द निराळा. सरकारी कागदावर ‘गांजा’, घरच्या तोंडी ‘बाहेरची बाधा’. रिकामा रकाना माणसाला सहन होत नाही. तो भरण्यासाठी भूत फार सोयीचे पडते.

आणि येथे मला त्या पोराच्या प्रश्नाला उलटा प्रश्न विचारावासा वाटतो. ओस इस्पितळातले भूत शोधायला जातोस, पण आपली इस्पितळे ओस कुठे आहेत? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार सरकारी मनोरुग्णालयांच्या मंजूर खाटा मिळून ५६९५, येरवड्याच्याच २५४०. तेथे माणसे आहेत, डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, रात्रपाळी करणारे कर्मचारी आहेत. भूत म्हणून ज्यांना धरले जाते ते जिवंत आहेत. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सैलानीला होळीच्या सुमारास यात्रा भरते. खानदेशातूनही लोक आपली ‘बाधित’ माणसे घेऊन जातात. कुणाच्या श्रद्धेला मला धक्का लावायचा नाही. दमलेल्या आईला तेथे चार दिवस सोबत मिळते, हेही मी पाहिले आहे. पण साखळी? तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशाच एका आश्रयस्थानाला आग लागली. रोगी साखळ्यांनी बांधलेले होते. २८ माणसे गेली. २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, मारणे हा आता गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर कुठल्याही प्रकारे साखळीत ठेवण्यास मनाई केली.

आमच्या संघटनेतील एका जीन कामगाराची गोष्ट सांगतो. त्याला आवाज ऐकू येऊ लागले. भावांनी आधी यात्रा केली, मग मनोरुग्णालय. जीन हंगामी कारखाना, म्हणून राज्य विम्याच्या बाहेर. गिरणी कामगाराला अशा आजारात दीर्घ मुदतीचा भत्ता तरी मिळतो, याला काही नाही. आठ महिन्यांत तो बरा झाला. इस्पितळाने घरी पत्र टाकले. उत्तर नाही. दुसरे टाकले, नाही. शेवटी आम्ही दोघे-तिघे भावांकडे गेलो. माणसे वाईट नव्हती. थोरला म्हणाला, ‘आप्पा, घरात पोरगी लग्नाची आहे. येडा घरात आहे म्हटल्यावर तिला कोण करील?’ हे उत्तर आम्ही त्याला जाऊन सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘तेच म्हणत होते ना, भूत धरलंय म्हणून? मग भूत गेलं, आता न्या की.’

पुतणीचे लग्न होईपर्यंत दोन वर्षे गेली. तोवर तो तेथेच, बरा झालेला, औषधे वेळेवर घेणारा, दुसऱ्या रोग्यांना ताटे वाढणारा. मग आम्ही खोली पाहिली, डाळ मिलमध्ये पोती भरण्याचे काम पाहिले. आता तो दर महिन्याला जळगावला जाऊन गोळ्या आणतो. असे नेणारे कुणी नसलेले किती, हे कोणत्याही मनोरुग्णालयातल्या जुन्या कर्मचाऱ्याला विचारावे.

ठाण्याच्या इस्पितळाच्या जागेपैकी काही भाग नव्या रेल्वे स्थानकासाठी देण्याचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली मोकळा केला. स्थानक हवेच, रोज लोंबकळत जाणाऱ्या माणसांची बाजू मी सोडणार नाही. दगडाविटांचीही मला फिकीर नाही. फिकीर वाटते ती जुन्या दफ्तराची. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून वाण्याच्या पुड्यांतून, देवळांच्या माळ्यांवरून कागद गोळा करीत. त्यांच्या मागे धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले. राजांच्या, सरदारांच्या, संतांच्या कागदांसाठी आपण इतके केले. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्यातून या इस्पितळांत गेलेल्यांचीही पाने कुठे ना कुठे असणार. नाव, वय, जात, धंदा, आणि शेवटच्या रकान्यात कुणा शिपायाच्या हातचा एक शब्द.