मागच्या सीटवरचं हेल्मेट

मुंबईतला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्गांना पवईमार्गे जोडतो. २८ जुलै २०१५ रोजी पावसाच्या पाण्याने भरलेल्या इथल्या खड्ड्यात एक मोटारसायकल आदळली. चालवणाऱ्या चुलतभावाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तो वाचला. मागे बसलेल्या सोळा वर्षांच्या प्रकाश बिल्होरेच्या डोक्यावर नव्हतं.

प्रकाशचे वडील दादाराव बिल्होरे अंधेरीत मरोळला भाजी विकत. मुलाच्या मृत्यूनंतर त्यांनी बांधकामांवरचं डेब्रिज, खडी, पेव्हर ब्लॉक गोळा करून हातांनी खड्डे बुजवायला सुरुवात केली आणि शेकडो खड्डे बुजवले. हे काम एका बापाला करावं लागलं, याची शरम शहराला वाटायलाच हवी.

खरं तर १९८८च्या मोटार वाहन कायद्यातलं हेल्मेटसक्तीचं १२९वं कलम मागे बसणाऱ्यालाही लागू होतं. मुंबईत मात्र त्याची कडक अंमलबजावणी सुरू व्हायला जून २०२२ उजाडला. पाचशे रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित, असा इशारा पोलिसांनी दिला.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्याखाली खड्डा किती खोल आहे, हे वरून कळत नाही. तेव्हा वेग कमी ठेवा, पुढच्या गाडीपासून अंतर राखा, आणि मागच्या माणसासाठीही आयएसआय मार्कचं हेल्मेट घ्या, हनुवटीखालचा पट्टा लावूनच निघा.